अर्थसीचा नकाशा आणि त्यावर नसलेली जागा

फँटसी कादंबरी उघडली की पहिल्या पानावर नकाशा असणार, हे आता इतकं ठरून गेलंय की त्याची थट्टाही जुनी झाली. डायना विन जोन्सनं १९९६ साली 'द टफ गाइड टू फँटसीलँड' नावाचं पुस्तक लिहिलं. अशा कादंबऱ्यांतल्या जगाची सहल करणाऱ्या प्रवाशासाठी लिहिलेलं हे टवाळ मार्गदर्शक. नकाशावर जे जे ठिकाण छापलंय तिथे तिथे तुम्हांला फरपटत नेलं जाणारच, सुटका नाही, असं ती प्रवाशाला बजावते. हसू येतं, कारण ते खरं आहे. बहुतेक फँटसीतला नकाशा हा प्रवासाचा कार्यक्रम असतो. डावीकडे घर, उजवीकडे दुष्टाचा किल्ला, मध्ये डोंगर आणि दलदल.

उर्सुला ल ग्वीनची अर्थसी मला या गर्दीत वेगळी वाटते ती या नकाशामुळेच. ल ग्वीनच्या भाषेबद्दल, तिच्या ताओवादाबद्दल, स्त्रीवादाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. अर्थसीच्या भूगोलाचा उल्लेख मात्र बहुधा 'सुंदर पार्श्वभूमी' असा होतो. मला वाटतं, ही पार्श्वभूमी नाहीच. १९६८ ते २००१ या तेहतीस वर्षांत आलेली सहा पुस्तकं एकाच नकाशाशी चाललेलं भांडण आहेत. नकाशा बदललेला नाही. तो कुणी काढला, कुठे उभं राहून काढला आणि त्यात काय सोडून दिलं, हे प्रश्न मात्र प्रत्येक पुस्तकागणिक धारदार होत गेले आहेत.

आधी कागद, मग गोष्ट

१९६४ साली ल ग्वीननं दोन कथा लिहिल्या. त्यांत बेटं होती, जादूगार होते, आणि ज्याचं खरं नाव कळलं त्याच्यावर ताबा मिळतो हा नियम होता. पुढे बर्कलीतल्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेच्या मालकानं तिला मोठ्या मुलांसाठी काही लिहायला सांगितलं. त्यावर तिनं आधी एका मोठ्या कागदावर नकाशा काढला. बेटं काढली, त्यांना नावं दिली. १९७३ सालच्या 'ड्रीम्स मस्ट एक्स्प्लेन देमसेल्व्ज' या निबंधात ती सांगते की हे जग तिनं योजून बांधलं नाही, ते तिला सापडत गेलं. त्यातल्या तीन छोट्या बेटांना तिच्या मुलांची लहानपणची लाडाची नावं आहेत, हेही ती तिथेच सांगून टाकते.

नकाशा आधी आणि गोष्ट नंतर, हे टॉल्किननंही केलं होतं. पण टॉल्किनची मध्यभूमी हा एक सलग भूभाग आहे. तिथे रस्ता आहे, आणि रस्ता दाराशी सुरू होऊन कुठेतरी पोचतो. अर्थसीत रस्ता नाही. मध्यभागी हॅव्नॉर हे मोठं बेट, त्याच्या दक्षिणेला आतल्या समुद्रात जादूगारांच्या शाळेचं रोक, ईशान्येला गाँट, उत्तरेला ऑस्किल, पूर्वेला गोऱ्या कार्ग लोकांची चार बेटं. कडेनं चारी दिशांना विखुरलेल्या बेटांचे पट्टे. त्यांना ल ग्वीन 'रीच' म्हणते, मी 'पल्ला' म्हणेन. खंड एकही नाही. भोवती पाणीच पाणी, आणि त्या पाण्यापलीकडे काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

पहिल्या कादंबरीच्या, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'च्या, पहिल्या वाक्यात नायक नाही. तिथे गाँट आहे, म्हणजे समुद्रातून उठलेला एकच एक डोंगर. गेड या शेळ्या राखणाऱ्या पोराची ओळख त्यानंतर होते. माणूस येण्याआधी जागा आलेली असते, हा क्रम पुढेही फारसा मोडत नाही.

दोन्हीकडे पाणी

'द्वीप' या शब्दाची व्युत्पत्ती आपल्याकडे 'द्वि' आणि 'अप्' अशी देतात. ज्याच्या दोन बाजूंना पाणी, ते द्वीप. म्हणजे जमिनीचं नाव पाण्यावरून पडलंय. अर्थसी समजून घ्यायला हा शब्द इंग्रजी 'आयलंड'पेक्षा जास्त उपयोगी आहे असं मला नेहमी वाटतं. तिथेही जमीन ही पाण्याच्या मधली गोष्ट आहे.

पण द्वीप म्हटलं की आपल्याला सात द्वीपांचा पौराणिक भूगोलही आठवतो. मध्ये मेरू, मेरूभोवती जंबुद्वीप, त्याभोवती खारा समुद्र, मग पुढचं द्वीप, मग उसाच्या रसाचा समुद्र, असं करत करत प्रत्येक द्वीप आधीच्याच्या दुप्पट. देखणी रचना आहे ती. पण त्यात आपण कुठे आहोत याबद्दल शंकेला जागाच नाही. आपण मध्ये. बाकीचे आपल्याभोवती, क्रमाक्रमानं लांब.

अर्थसीचा नकाशा पहिल्या नजरेला असाच वाटतो. हॅव्नॉर मध्ये, पल्ले कडेला. पण पहिल्याच कादंबरीत ल ग्वीन या मध्याला सुरुंग लावते, आणि तोही अगदी साध्या तपशिलांनी. शाळा संपल्यावर गेडला नेमणूक मिळते ती नव्वद बेटांच्या झुबक्यातल्या लो टॉर्निंगला. बेटं खरंच नव्वद आहेत का? कुणी सांगू शकत नाही. गोड्या पाण्याचा झरा असलेलीच धरली तर सत्तर भरतील. प्रत्येक खडक धरला तर शंभरावर जातील. आणि मोजेमोजेपर्यंत भरती-ओहोटीनं हिशेब बदललेला असेल. या बेटाबेटांमधल्या सामुद्रधुन्या गल्लीसारख्या आहेत. शेजारणीकडे जायचं तर होडी काढायची आणि वल्ही मारायची. तिथे समुद्र हे अंतर नाही, अंगण आहे.

ही बेटांची मोजणी मला सगळ्या मालिकेची किल्ली वाटते. नकाशा काढणाऱ्याला आकडा हवा असतो. तिथे राहणाऱ्याला झरा कुठे आहे ते माहीत असावं लागतं. दोघांचं ज्ञान वेगळं, आणि ल ग्वीनचा कल कुणाकडे आहे हे लपत नाही.

लॉसोचा किनारा

रोकच्या शाळेत गेडला एका एकांतातल्या मनोऱ्यात पाठवतात. तिथला गुरू नावं शिकवतो, म्हणजे याद्या पाठ करायला लावतो. पेल्निश समुद्रातल्या लॉसो नावाच्या चिमुकल्या बेटाच्या किनाऱ्याची प्रत्येक भूशिर, प्रत्येक खाडी, प्रत्येक खडक, प्रत्येक उथळ जागा, सगळ्यांची खरी नावं. मध्यरात्रीपर्यंत पाठ झाली पाहिजेत, कारण त्यानंतर कागदावरची शाई पुसून जाते.

मुलांच्या पुस्तकात शाळेचा असा रटाळ तास घालायला धाडस लागतं. पण अर्थसीच्या जादूचा सगळा कायदा या तासात आहे. खरं नाव कळलं तर वस्तूवर सत्ता चालते. मग अख्ख्या समुद्रावर सत्ता हवी असेल तर? तर त्यातल्या प्रत्येक थेंबाएवढ्या जागेचं नाव माहीत हवं, आणि ते कुणालाच शक्य नाही. म्हणून जादू जवळच्यापुरती. एका बेटावरचा मंत्र दुसऱ्यावर लागू पडेलच असं नाही. पल्ल्यांमध्ये तर नियमच बदलतात, अशी तिथली म्हण आहे. खडा उचलून त्याचा हिरा करता येईल, पण तो खडा रोक ज्या दगडाचं बनलंय त्याचा तुकडा आहे. तो बदलला तर जग तेवढं बदललं. इथे पाऊस पाडला तर कुठेतरी तो कमी पडणार. म्हणून गेडचा पहिला गुरू ओजिअन पावसाला हात लावत नाही, झाडाखाली भिजत झोपतो.

थोडक्यात, सर्वव्यापी सत्ता अशक्य करणारी गोष्ट इथे भूगोल आहे. बहुतेक फँटसीत दुष्टाला रोखायला नायक लागतो. अर्थसीत दुष्टाची पहिली अडचण ही की किनारे फार आहेत आणि प्रत्येकाचं नाव निराळं आहे.

हे तिला कुठून सुचलं असेल याचा विचार करताना तिच्या घराकडे लक्ष जातंच. वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषा आणि चालीरीती नोंदवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. १९३९ साली त्यांचा उत्तर अमेरिकेच्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक प्रदेशांवरचा ग्रंथ आला, तेव्हा ही मुलगी दहा वर्षांची होत होती. आई थिओडोरा क्रोबरनं 'इशी इन टू वर्ल्ड्स' हे पुस्तक १९६१ साली लिहिलं. इशी हा याही जमातीतला शेवटचा माणूस. १९११ साली तो एकटा, उपाशी, ओरोव्हिलजवळ सापडला. पुढची वर्षं सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात काढून १९१६ साली क्षयानं गेला. आपलं खरं नाव त्यानं कुणालाच सांगितलं नाही. 'इशी' हा त्याच्या भाषाकुळातला 'माणूस' या अर्थाचा शब्द, तोच त्याचं नाव म्हणून वापरला गेला.

अर्थसीतला नावाचा नियम म्हणजे इशीची गोष्ट, असं सरळ समीकरण मी मांडणार नाही. खऱ्या नावाची गुप्तता पुष्कळ समाजांत आहे. पण एवढं म्हणता येईल, की जिची लोकं हाकलली गेली आहेत अशा भूमीचे नकाशे ज्या घरात टेबलावर असतात, त्या घरातल्या मुलीला नाव देणं आणि जमीन घेणं या दोन गोष्टी किती जवळजवळ असतात हे कळलेलं असणार. हा धागा तिनं फार पुढे, शेवटच्या पुस्तकात ओढला. तिकडे येतेच.

शत्रूची दिशा

फँटसीच्या नकाशात बहुतेकदा एक दिशा वाईट असते. टॉल्किनच्या कादंबरीत ती पूर्व आणि दक्षिण आहे. अर्थसीच्या पहिल्या कादंबरीतही सुरुवातीला तसंच वाटतं. कार्ग लोक पूर्वेकडून गलबतं घेऊन गाँटवर चालून येतात, गावं जाळतात. गेड लहान असतानाच धुकं उभं करून त्यांना चकवतो. आले, लुटलं, मेले. वाचक त्यांना विसरायला मोकळा.

मग १९७१ साली 'द टूम्स ऑफ अटुआन' येतं आणि ल ग्वीन आपल्याला थेट शत्रूच्या बेटावर नेऊन ठेवते. नायिका कार्ग. टेनार नावाची मुलगी, लहानपणीच आईबापांपासून तोडून कबरींची पुजारीण केलेली. हे बेट असूनही इथून समुद्र दिसत नाही. सगळीकडे वाळवंट आणि जमिनीखाली भुयारांचं जाळं. तिथे दिवा नेणं निषिद्ध. टेनारला तो चक्रव्यूह हातानं पाठ आहे. डावीकडची किती भोकं सोडायची, मग कुठे वळायचं, हे बोटांनी मोजून.

लॉसोच्या किनाऱ्याची यादी आणि ही भुयारं एकमेकांशेजारी ठेवून बघावीत. गेडचा भूगोल नावांचा, कागदावरचा, उघड्या आकाशाखालचा. टेनारचा भूगोल बिननावाचा, स्पर्शाचा, अंधारातला. दोन्ही अचूक आहेत. आणि गेड जेव्हा या भुयारात शिरतो तेव्हा जगातला एवढा मोठा जादूगार भिंतीला टेकून तहानेनं मरायला टेकतो, कारण ही जागा त्याच्या नकाशात नाही.

या उलटापालटीला रंगाचंही अंग आहे. अर्थसीतले बहुसंख्य लोक तांबूस-तपकिरी, काही काळे. गोरे ते फक्त कार्ग. १९६८ साली अमेरिकेतल्या मुलांच्या पुस्तकात हे ल ग्वीननं गाजावाजा न करता करून टाकलं. गेडचा वर्ण वाचकाला कळतो तोवर त्याचा जीव गेडमध्ये अडकलेला असतो. २००४ साली सायफाय वाहिनीनं मालिका काढली तेव्हा त्यांनी गेडला गोरा केला, आणि ल ग्वीननं 'स्लेट'मध्ये लेख लिहून सडकून टीका केली. तो राग फक्त पात्रनिवडीपुरता नव्हता असं मला वाटतं. मध्य कुठे आणि कड कुठे याचं तिनं मांडलेलं सगळं गणितच एका फटक्यात पुसलं गेलं होतं.

कडेच्या पलीकडे

पहिल्या कादंबरीचा शेवट पूर्वेला, अ‍ॅस्टोवेल या शेवटच्या बेटाच्याही पुढे होतो. गेड आणि त्याचा मित्र व्हेच होडीतून उघड्या समुद्रात इतके लांब जातात की नकाशा संपतो. आणि तिथे, ज्या सावलीचा पाठलाग चाललाय तिच्याशी गाठ पडते त्या क्षणी, होडीखालचं पाणी वाळू होतं. होडी रुतते. अर्थसीत जमीन नेहमी पाण्यातून वर येते. इथे पाणीच जमीन होतं, आणि ते भयंकर वाटतं.

तिसरी, 'द फार्देस्ट शोअर' (१९७२), दुसऱ्या टोकाला, पश्चिमेच्या सेलिडोरला संपते. तिथून गेड आणि तरुण राजपुत्र मेलेल्यांच्या देशात उतरतात. हाच तो 'कोरडा देश'. बुटकी दगडी भिंत, तिच्यापलीकडे उतार, न हलणारे तारे, कोरडं नदीपात्र. एकमेकांवर जीव टाकणारी माणसं तिथे रस्त्यात समोरासमोर आली तरी ओळख देत नाहीत.

ही जागा नकाशावर कुठेच नाही. पण तिची भिंत सगळीकडून दिसू शकते. गेडला ती पहिल्यांदा दिसते लो टॉर्निंगमध्ये, त्या गल्लीएवढ्या समुद्रांच्या घरगुती जगात, होड्या बांधणाऱ्याच्या आजारी पोराला वाचवायला त्याच्यामागे धावताना. सगळ्यात ओल्या, सगळ्यात राहत्या जागेला ही कोरडी जागा अशी चिकटलेली आहे. पाण्याच्या जगात मरण म्हणजे पाणी नसणं, हे मला फार योग्य वाटत आलंय, आणि पहिली तीन पुस्तकं वाचणारा कुणीही ते निसर्गनियमासारखं मान्य करतो. मेल्यावर तिकडे जायचं. ठरलेलं आहे.

अठरा वर्षं, आणि एकच डोंगर

'द फार्देस्ट शोअर'च्या शेवटी सगळी शक्ती गमावलेला गेड ड्रॅगनच्या पाठीवर बसून गाँटकडे उडून जातो. हा ड्रॅगन गाँटच्या कड्यावर उतरतो तो १९९० साली, 'टेहानू'मध्ये. गोष्टीत एक उड्डाण, लेखिकेच्या आयुष्यात अठरा वर्षं.

मधल्या काळात तिनं 'ऑलवेज कमिंग होम' (१९८५) लिहिलं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एकाच खोऱ्याचं, भविष्यात कधीतरी तिथे राहणाऱ्या लोकांचं पुस्तक. त्यात गाणी आहेत, पाककृती आहेत, नकाशे आहेत. कुठेही न जाता एकाच जागी किती खोल उतरता येतं याची ती तालीम होती असं म्हणायला हरकत नाही. कारण 'टेहानू'त जवळजवळ कुणी कुठे जातच नाही. टेनार आता गाँटवरची विधवा शेतकरीण. तिनं सांभाळायला घेतलेली एक भाजलेली मुलगी. शेळ्या, भांडी, गावची चेटकीण, रात्री दाराशी येणारे पुरुष. पहिल्या पुस्तकात गाँट ही नायकानं सोडून जायची जागा होती. इथे तीच जागा राहायची आहे, आणि राहणं हे सोडून जाण्याहून कितीतरी जास्त धोक्याचं आहे.

अनेक वाचकांना हे रुचलं नाही. त्यांची तक्रार अशी, की आमच्या जहाजांचं, ड्रॅगनांचं जग घेऊन हिनं त्यात स्वयंपाकघर घातलं. मला ही तक्रार समजते, पण ती नकाशाच्या बाजूनं केलेली आहे. पहिल्या तिन्ही पुस्तकांतला समुद्र होडीतल्या पुरुषाला दिसणारा होता. बंदरातून निघायचं, बेट क्षितिजावर ठिपका होताना बघायचं. त्या ठिपक्यात कोण उरलं? पहिल्याच पुस्तकात गाँटची एक म्हण येऊन जाते, बायकांच्या जादूला दुबळी आणि दुष्ट ठरवणारी. तेव्हा ल ग्वीननं ती तशीच जाऊ दिली होती. 'टेहानू' त्या म्हणीपाशी थांबून विचारतं, ही कुणी पाडली? २००१ सालच्या 'टेल्स फ्रॉम अर्थसी'मधली एक कथा तर सांगते की रोकची शाळा उभी करण्यात बायकांचा मोठा वाटा होता, आणि मागाहून त्यांनाच दार बंद झालं. म्हणजे नकाशातलं जे पवित्र केंद्र, त्याचाही इतिहास अर्धा झाकलेला.

कुंपणानं खाल्लेलं शेत

'टेहानू'ला ल ग्वीननं 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं उपशीर्षक दिलं होतं. ते शेवटचं ठरलं नाही. २००१ साली 'द अदर विंड' आलं आणि त्यानं तो कोरडा देशच उकरून काढला.

गोष्ट सुरू होते ती एका साध्या सांधणाऱ्यापासून. फुटकी भांडी जोडणारा ऑल्डर. त्याची बायको वारली आहे. रोज स्वप्नात तो त्या दगडी भिंतीपाशी जातो आणि मेलेले त्याला विनवतात, आम्हांला सोडव. हळूहळू उलगडतं ते असं. फार पूर्वी माणसं आणि ड्रॅगन एकच होते. मग वाटणी झाली. ड्रॅगनांनी मुक्तता आणि मूळ भाषा घेतली, पश्चिमेच्याही पश्चिमेला गेले. माणसांनी जमीनजुमला घेतला आणि ती भाषा सोडायचं कबूल केलं. माणसांनी करार पाळला नाही. जादूगारांनी भाषा ठेवून घेतली, आणि मरणाला फसवता यावं म्हणून ड्रॅगनांच्या मुलखाचा तुकडा मंत्रानं तोडून त्याला भिंत घातली. भिंत घालताच आतला वारा थांबला, पाणी आटलं. अमरत्वासाठी घेतलेली जमीन कोरडी पडली.

कुंपणच शेत खातं, असं आपण म्हणतो. या म्हणीचं इतकं शब्दशः चित्र मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. ज्या कोरडेपणाला आपण तीन पुस्तकं निसर्ग समजत होतो, तो निसर्ग नव्हता. ते अतिक्रमण होतं. आणि हे ध्यानात आल्यावर आणखी एक जुना तपशील जागेवर बसतो. मेल्यावर त्या कोरड्या देशात कार्ग लोक जात नाहीत. ते परत जन्माला येतात, झाडाझुडपांत, जनावरांत, जीवनाच्या चक्रात. आतल्या बेटांवरचे लोक ज्यांना रानटी म्हणत आले, त्यांनी ती चोरी केलीच नव्हती.

नाव देणं आणि जमीन घेणं. भिंत दगडांची दिसते, पण ती नावांनी बांधलेली आहे. लॉसोच्या किनाऱ्याची यादी पाठ करणाऱ्या, प्रत्येक खडकाला त्याच्या नावानं हाक मारणाऱ्या त्या नम्र विद्येचीच ही काळी बाजू. पहिल्या पुस्तकात नाव माहीत असणं म्हणजे मर्यादा होती. तू एवढ्यापुरताच. सहाव्यात कळतं की त्याच विद्येनं कुणीतरी केव्हातरी मर्यादा ओलांडली आणि मग ती चोरी नियम म्हणून शिकवली गेली.

यावर आक्षेप असा घेतला जातो, की लेखिकेनं स्वतःच्याच जगाशी दगाबाजी केली. पहिल्या त्रयीतलं गंभीर, सुंदर मरण मागाहून 'दुरुस्त' केलं. मला हे पटत नाही. तिनं मूळ नकाशावरची एक रेघसुद्धा खोडलेली नाही. कोरडा देश आधीही नकाशाबाहेर होता. आपणच विचारलं नव्हतं की का. जो लेखक आपल्या जगाचा नकाशा पुन्हा काढतो तो बऱ्याचदा आधीची चूक झाकत असतो. जो तोच नकाशा समोर ठेवून 'ही जागा कुणाची होती?' असं विचारतो, तो वाचकाला खरंच काही देतो.

माझी तक्रार दुसरीकडे आहे. 'द अदर विंड' हा प्रश्न उभा करतं पाण्यावर आणि स्वप्नांत, पण त्याची सोडवणूक बरीचशी राजवाड्यात आणि रोकच्या राईत, सल्लामसलतीत होते. कार्गांच्या हुर-अ‍ॅट-हुर बेटावरून आलेली राजकन्या लाल बुरख्याआडून हळूहळू बाहेर येते, हॅव्नॉरची भाषा शिकते. हॅव्नॉरनं तिची शिकायला हवी होती असं पुस्तक फारसं सुचवत नाही. 'द फार्देस्ट शोअर'मधले तराफ्यांवर राहणारे, वर्षातून एकदाच किनाऱ्याला लागणारे दक्षिणेचे लोक पुन्हा कधी भेटत नाहीत. बेट नसलेली ही माणसं नकाशालाच खरा प्रश्न विचारू शकली असती. पण ती एका सुंदर प्रकरणापुरती उरली. मध्य ढासळला तरी सभा मध्यातच भरली, असं काहीसं झालंय.

तरीही पहिल्या पुस्तकातली एक छोटी जागा मला या सगळ्याहून बोलकी वाटते. जहाज फुटून गेड एका उथळ वाळूच्या बेटावर येतो. तिथे दोन म्हातारे, भाऊ-बहीण. लहानपणी कुणीतरी त्यांना तिथे टाकून दिलेलं. समुद्राच्या या कपच्यापलीकडे त्यांना जग माहीत नाही. म्हातारी त्याला तुटक्या कड्याचा एक तुकडा देते. तो काय आहे हे तिला ठाऊक नाही, त्यालाही नाही. तोच तुकडा पुढे सगळ्या बेटांना राजा मिळवून देणार असतो. जाताना गेड त्यांच्या मचूळ झऱ्यावर मंत्र घालतो, पाणी गोड होतं. नंतर खलाशी तिथे पाणी भरायला थांबू लागतात आणि त्या जागेला झऱ्याचं बेट म्हणू लागतात. पण झोपडी तोवर वाऱ्यावादळात गेलेली असते. त्या दोघांचं काहीही उरत नाही.

म्हणजे खलाशांना झरा सापडला, नाव सापडलं. तिथे कोण राहत होतं ते सापडलं नाही. ल ग्वीननं हे १९६८ साली, मुलांच्या पुस्तकात, एका परिच्छेदात सांगून टाकलं आणि पुढे गेली. पुढची पाच पुस्तकं मला त्या परिच्छेदाकडे परत यायचा प्रयत्न वाटतात. नकाशावर छापलेलं नाव वाचायचं, आणि मग विचारायचं की इथे आधी कुणाची झोपडी होती. अर्थसी ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी पहिल्या पुस्तकापासूनच सुरुवात करावी. पण तिसऱ्यावर थांबू नये. तिथे समुद्र अजून होडीतूनच दिसतो आहे.